शिरवाळ्यांची चकती

आम्ही दोघांनी शेवटचं मिळून काही केलं असेल तर शिरवाळे, आमच्याकडच्या ओल्या शेवया. बायको तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून गरम गरम साच्यात घालत होती, दांडा मी दाबत होतो. मध्येच दारात मासळीवाली आली आणि मी बांगड्यांवरून तिच्याशी हुज्जत घालत बसलो. साच्यातला गोळा थंड होऊन दगड झाला. परत येऊन सगळं अंग टाकून दाबलं, तशी खालची भोकाभोकांची पितळी चकती चिरली.

"गोळो घट मळलंस तू," मी म्हणालो.

"गोळो घट, नि तुजां तोंड सैल," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ती झोपेत गेली. तोवर हिच्या पिठानं साचा मोडला असं मी पारावर सांगून मोकळा झालो होतो. शेजारची वहिनी तर अजून सांगते, "तिका शिरवाळे कधी जमलेच नाय."

चकती आपल्याच हातानं करायची असं ठरवून मी तळेऱ्याला भाचीच्या वर्कशॉपात गेलो. तिच्याकडे सीएनसी मिलिंग मशीन आहे. आकडे भरायचे, ते आपलं आपण कापतं.

"मामा, ह्यां तुमचां काम नाय."

"तुज्या आवशीक मी पोवूक शिकवलंय. तू माका ह्यां शिकव."

माझी शाळा चौथीपर्यंत. पहिल्या दिवशी मशीननं माझं ऐकून हवेतच सुरेख गोल कापला. दुसऱ्या दिवशी कटर मोडला. भाची शिकलेली बाई, पण शिव्या तिला आजोळच्याच येतात.

आठव्या दिवशी चकती गोल कापून झाली. भोकं राहिली. चकतीचा मध्य मशीनला दाखवून द्यायचा, त्याला झिरो म्हणतात. मशीनला डोळे नाहीत, ते तिथूनच मोजतं. झिरो मी लावला, भाचीनं तपासला आणि फोन आला म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात आठवलं, मशीनपुढे फोडायला आणलेला नारळ पिशवीतच राहिला! चकती ज्या लोखंडी पकडीत धरली होती तिच्याच कोपऱ्यावर दोन टोले हाणून तो फोडला. देवाला गाऱ्हाणं मीच घातलं, "होय म्हाराजा" मीच म्हटलं आणि बटण दाबलं.

भोकं सगळी एका कडेला गेली.

"ह्यां कोणी हलयल्यान?" भाचीनं विचारलं.

"मशीनान."

तिनं नारळाची भकलं पाहिली. "मशीन जाग्यारच आसा. नारळ कोणी फोडलो?"

तूच नीट आवळलं नाहीस, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बायकोवरही मी असंच ढकललं होतं.

"मीच फोडलंय," मी म्हणालो. "माजी चूक."

"थांबा, आवशीक फोन करतंय. मामान चूक कबूल केल्यान!"

मग तिनं दुसरा तुकडा काढून दिला. संध्याकाळपर्यंत चकती झाली, भोकं जिथल्या तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरवाळे केले, वर नारळाचा रस घातला आणि ताट घेऊन वहिनीकडे गेलो.

"वहिनी, साचो मी मोडलेलंय. तिचो गोळो मऊच होतो, मी थंड करून दाबलंय."

वहिनीनं ताट ठेवून घेतलं. मग म्हणाली, "बरां भावजी, मी सांगतंय सगळ्यांक."

"तुम्ही नको. तुम्ही तिखटमीठ घालतलात," मी म्हटलं आणि स्वतः पाराकडे निघालो.