होडीच्या फळ्यांचं पॅनेलिंग

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला दुकानातून बाहेर काढणारा माणूस आहे मी. महाडला माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. वायरमध्ये करंट आहे की नाही ते टेस्टर लावून बघायचं, चार लोक काय म्हणतात त्यावर जायचं नाही, हा माझा स्वभाव. तुमच्या मासिकाच्या या सदरातले अनुभव वाचून मी बायकोला म्हणायचो, "या लोकांना काही कामधंदे नाहीत का गं?" आणि आज मीच लिहायला बसलोय... कारण विचारायला दुसरी जागा उरली नाही.

चवदार तळ्याकडून बाजारात येताना डाव्या हाताच्या गल्लीत आमचं तळमजल्याचं घर. पावसाळ्यात नदीचं पाणी गल्लीत शिरतं, ते काही नवीन नाही. पण त्यामुळे मागच्या खोलीच्या भिंतीचे वर्षभर पोपडे निघायचे. माझी बायको सुनीता दम्याची. डॉक्टर म्हणाले, "ओल घालवा, नाहीतर औषधांचा उपयोग नाही." ओल घालवायची म्हणजे सगळं प्लास्टर फोडून भिंत सुकू द्यायची. ते कोण करतो? आम्ही महाडकर ओल्या भिंतीवर सरळ लाकूड ठोकतो. ओल दिसेनाशी झाली म्हणजे गेली! मीही तेच करायचं ठरवलं. ही अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट.

मी मूळचा दासगावचा. तिथे खाडीकाठी माझ्या वारलेल्या काकांची जुनी होडी उपडी पडून होती. सागवान अस्सल, खाऱ्या पाण्यात मुरलेलं. आमचे पांडूमिस्त्री ते बघून खूष झाले. "शेठ, याला वाळवी तोंड लावायची नाय. प्लाय कशाला आणताय?" होडी मोडली, फळ्यांना रंधा मारला, आणि सुनीताच्या उशाकडच्या भिंतीवर पट्ट्यांची चौकट ठोकून छातीएवढ्या उंचीपर्यंत आडव्या फळ्या बसवल्या. झकास दिसत होतं. गल्लीतली माणसं बघून गेली.

पण पॉलिश काही वाळेना. फळ्यांवर घामासारखे थेंब धरायचे, काही तासांनी आपोआप सुकायचे, पुन्हा धरायचे. मी मिस्त्रींवर भडकलो. एक फळी सोडवून बघितली तर मागची भिंत कोरडी ठणठणीत! वर्षानुवर्षं ओली असलेली भिंत कोरडी, आणि पुढचं लाकूड भिजलेलं. बोटाला पाणी लावून चाखलं... खारट.

तेव्हा सुनीताची अवस्था वाईट होती. दिवसातून दोनदा असा दम लागायचा, की पंप मारूनही छाती सुटायची नाही. माझी आई दासगावहून राहायला आली होती. आमच्याकडे घरात कुणी जास्त आजारी असलं की म्हातारी माणसं आधी खाडीचं पाणी विचारतात. माणूस ओहोटीबरोबर जातो असं मानतात. आईनं आल्या दिवशीच विचारलं, "पाणी चढतंय का उतरतंय रे?"

"आई, हे महाड हाय, बंदर नाय!" मी खेकसलो.

पण ते डोक्यातून जाईना. सुनीताच्या दम्याची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकत होती. भरती-ओहोटीही रोज तेवढीच पुढे सरकते, खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे कळायला पंचांग लागत नाही. मी स्कूटर काढली, दासगावला गेलो आणि पाण्याकडे बघत उभा राहिलो. पाणी उतरून तळाचा चिखल दिसत होता. एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आई रडत होती. "बोलता येत नाय तिला... लाकूड सुकलंय सगळं." मग पाणी फिरलं. चांगलं वर चढेपर्यंत थांबून मी परत फोन केला, तर तो चक्क सुनीतानं उचलला. "अहो, आता बरंय. श्वास मोकळा झालाय. फळ्यांना पाणी सुटलंय बघा."

देवाशप्पथ सांगतो, तिथेच बसलो मी.

माझं डोकं एकच सांगत होतं, त्या फळ्या माझ्या बायकोचा जीव घेतायत. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. मुद्दाम भरतीची वेळ निवडली. भर दुपार होती, सुनीता खुर्चीत बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "नका हो काढू. मला आवडतात त्या." मी म्हटलं, "तू गप बस." पहिली फळी निघाली. दुसरी निघाली. तिसरीला पटाशी लावली आणि मागे कप फुटला.

सुनीताचे ओठ निळे पडले होते. छाती वर येत होती, पण हवा आत जात नव्हती. पंप मारला, पुन्हा मारला, काही नाही. ती खुर्चीवरून घसरत भिंतीपाशी गेली आणि राहिलेल्या फळ्यांना दोन्ही हात लावून बसली. आई किंचाळली, "लाव ती परत! अरे बघतोस काय मेल्या, लाव!"

मिस्त्री आणि मी वेड्यासारखे खिळे ठोकत सुटलो. हातोडी बोटावर बसली, समजलंही नाही. शेवटची फळी बसली, तिच्यावर थेंब धरले, आणि सुनीतानं श्वास घेतला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

मिस्त्री हत्यारं गोळा करून गेले, ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचे आधीचे रिपोर्ट फाइलभर आहेत, सगळ्यात दमाच लिहिलाय. नंतर पुन्हा मुंबईला नेताना तर पहिल्याच ओहोटीला ती हातातून जायची वेळ आली. तेव्हापासून सुनीता त्या घराबाहेर एक ओहोटी काढू शकत नाही. तिचं माहेर कापडे, पोलादपूरच्या पलीकडे, तासाभराचा रस्ता. वडील वारले तेव्हा भरतीत नेली आणि पाणी उतरायच्या आत परत आणली. घरी मात्र ओहोटीला धाप लागते, भरतीला उतरते. आम्ही त्याचीही सवय करून घेतली होती. ती जगत होती ना, बस्स.

पण यंदाच्या पुराचं पाणी खोलीत खूप वेळ थांबलं. महिन्यापूर्वी ती आंघोळीला गेली असताना मी सगळ्यात खालची फळी दाबून बघितली. बोट आत गेलं. दासगावात दोन जुन्या होड्या मिळाल्या, त्यांच्या फळ्याही तिच्या नकळत भिंतीला लावून बघितल्या. त्या नुसत्याच लाकूड आहेत, त्यांना पाणी सुटत नाही. मी कुजलेल्या फळीवर पॉलिशचा हात मारला आणि सुनीताला काही बोललो नाही.

काल जेवताना तीच म्हणाली, "खालची गेली ना हो?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. भरती आहे आता, आणि मला पूर्ण श्वास येत नाहीये."

हे काय आहे ते मला कळत नाही, कळेल असंही वाटत नाही. टेस्टर लावायला जागाच नाही यात. वाचकांपैकी कुणाला असलं काही ठाऊक असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. खरं-खोटं नंतर ठरवू. वरच्या फळ्या अजून टणक आहेत, तोवर कळवा.