देवमाशाचं तेल न वापरणारा घड्याळजी

१९६०च्या दशकात बंगळूरला शिवाजीनगरच्या बसस्टँडमागं एक म्हातारा घड्याळजी बसायचा. तरुणपणी तो कारवारहून जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. तेलाची नवी बाटली आली की तो आधी थेंब हुंगायचा. देवमाशाचं तेल असलं की बाटली परत. खरं तर घड्याळाला तेच तेल उत्तम, म्हणून त्याची गिऱ्हाइकं तुटत.

मी एकदा कारण विचारलं. डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला, "श्वास घ्यायला तो वर येतो, साहेब. तेव्हाच मारतात. मी पाहिलंय."

मग माझं घड्याळ हातात देत म्हणाला, "स्वल्प मागं पडेल."

अजून पडतं. रोज सकाळी किल्ली देताना मी काटा पाच मिनिटं पुढं सरकवतो. दुसऱ्या कुणाला ते उघडू दिलेलं नाही.