देगलूरची बाळंतीण

काल लातूरला, लेकीच्या घरी, नातीला धुरी देताना ओव्याचा आणि लसणाच्या सालांचा वास घरभर पसरला आणि मला देगलूरची ती बाळंतीण आठवली.

तेव्हा मी नांदेडला समाजकार्य शिकवत होते. आई आणि तान्हं बाळ यांच्यातलं नातं हा माझा विषय. चार विद्यार्थिनींना घेऊन मी तिच्या घरी गेले. दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. बाळ मांडीवर दूध पीत होतं आणि ती सारखी भिंतीकडे बघत होती.

"पाहा, आईचं बाळात मनच नाही," मी मुलींना समजावलं. सासू दारात उभी होती, याचं मला भान राहिलं नाही.

पंधरा दिवसांनी गेलो, तर बाळ सासूच्या खाटेवर बाटलीनं दूध पीत होतं. सून चुलीपुढे बसली होती. तिचं पोलकं पुढून ओलं झालेलं.

"लेकराकडं बघावंसं वाटत नव्हतं का गं?" मी विचारलं.

"आईचीच दृष्ट लई वाईट लागते म्हणत्यात, बाई. म्हून पाजताना बघत नव्हते. आता सासूबाई लेकरू जवळच देईनात."

मी सासूला समजवायला गेले. "तुम्हीच तर म्हनलात," ती म्हणाली.

ती केस मी निवृत्त होईपर्यंत वर्गात शिकवली. आई भिंतीकडे बघत होती, इथपर्यंतच सांगायची.