फिल्टरमधली खळ

माझ्या आत्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बारामतीला न्यावं लागतं. खरं तर एवढं एक वाक्य पुरायला हवं. बाईला मशीनपर्यंत पोचायचं आहे, म्हणून तिच्या दारापर्यंत रस्ता हवा. त्यासाठी अर्ज, पुरावे, साक्षी कशाला लागाव्यात?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीला तो रस्ता होता. त्यावरून बैलगाड्या गेल्या, उसाचे ट्रॅक्टर गेले. मग शेजारच्या रानाच्या मालकानं एका सकाळी तो नांगरून टाकला. हा माझ्याच बापाचा बांध, म्हणाला. त्याला सगळे बापू म्हणतात. रस्त्यासाठी आम्ही समिती काढली, तिच्या पत्रकात मी त्याला काय काय म्हटलं, ते इथं पुन्हा लिहीत नाही.

तेव्हापासून त्या ढेकळांतून दारापर्यंत येणारं एकच वाहन उरलं, तात्यांची जीप. तात्या म्हणजे आत्याचे यजमान. जीप लिलावातली, माझ्यापेक्षा वयानं मोठी, चारही चाकांना जोर असलेली. रुग्णवाहिका डांबरीवर थांबते, आणि आत्याला तिथवर चालवत नाही.

त्या गुरुवारी आत्या नेहमीपेक्षा जास्त सुजली होती. सोमवारी ताप होता म्हणून गेली नव्हती, ते आता अंगावर दिसत होतं. चप्पल पायात जात नव्हती. मागच्या सीटवर ती उशीला टेकून बसली होती आणि दोन शब्दांमध्ये श्वास घेत होती. आमची पाळी सकाळची. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला देतात. त्यांचीही चूक नाही, तोही मरणाच्या दारातूनच आलेला असतो.

ढेकळं पार झाली आणि कालव्याच्या भरावावर जीपनं एक गचका दिला. मग दुसरा. तात्यांनी ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, पण ओढ गेली ती गेलीच. इंजिन बंद.

तात्यांनी बॉनेट उघडून डिझेलचा हातपंप मारला. डिझेल येईना. "फिल्टर चोंदलाय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. या जीपचा फिल्टर टाकीच्या मागे, चासीच्या आतल्या अंगाला बसवलेला आहे. गॅरेजवाले अख्खी टाकी उतरवल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. नवा फिल्टर मात्र महिनोन् महिने डॅशबोर्डच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती सोमेश्वरनगरच्या बाजूला गेली होती. वेळ लागेल, म्हणाले. किती, ते सांगेनात.

तात्यांचा हात त्या फटीत शिरेना. माझा शिरला, खांद्यापर्यंत. मी पाठीवर पडून वर हात घातला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. बोटांना लागला तो गंजलेला पत्रा, मग रबरी नळी, मग तिच्यावरची पट्टी आणि पट्टीचा स्क्रू. स्क्रूड्रायव्हर सारखा घसरत होता. वर आत्याचा श्वास ऐकू येत होता आणि तो ऐकायचा नाही असं ठरवलं की जास्तच ऐकू येत होता. डोक्यात मी पत्रक लिहायला लागले होते. पंपवाल्यांनी डिझेलमध्ये भेसळ केली असणार. गरिबाच्या जिवाशी खेळ. मथळासुद्धा ठरला होता.

तेवढ्यात एक गाडी थांबली. मला खालून फक्त पांढऱ्या गाडीची टायरं आणि पॉलिश केलेल्या चपला दिसल्या. चपला मी ओळखल्या. बापू.

त्यानं तात्यांना विचारलं काय झालं, मग आत्याकडे पाहिलं असावं, कारण चपला जीपच्या मागच्या सीटकडे वळल्या. मग म्हणाला, बसा माझ्या गाडीत, सोडतो.

"गरज नाही," मी जीपखालून म्हणाले.

"तू तोंड मीट," आत्या वरून म्हणाली. "डिझेल जाईल."

आणि ती उतरली. तात्यांच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पाय ओढत त्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसली. मला तिचे सुजलेले पाय जाताना दिसले. तात्या वाकून मला म्हणाले, "फिल्टरवर बाण हाय. बाण इंजिनाकडं. उलटा बसला तर समदं मुसळ केरात. गाडी घिऊन ये, न्हायतर हिला घरी कशी आणायची?"

धूळ बसली. भरावावर मी एकटी आणि जीप.

आता वाटतं, त्या वेळी मला बापूचा राग आला नव्हता, भीती वाटली होती. वाटेत तिला काही झालं तर? त्यानं गाडी मध्येच कुठं थांबवली तर? माणूस रस्ता नांगरू शकतो, तर काय करू शकत नाही?

बऱ्याच वेळानं पट्टी सुटली. नळी ओढली तसं डिझेल दंडावरून काखेत उतरलं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि नेमका तेव्हाच बंपरवर ठेवलेला फोन वाजायला लागला. अंगठा काढला तर टाकी रिकामी होणार. फोन वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. एवढ्या वेळात मी आत्याला मनातल्या मनात पुरून, तिची पुण्यानुमोदनाची पत्रिकाही लिहून काढली होती.

दुसऱ्या हातानं जुना फिल्टर काढून छातीवर ठेवला. बाण चाचपून नवा बसवला. पट्ट्या आवळल्या. मग बाहेर सरपटत येऊन तात्यांना फोन लावला.

"घेतली मशीनवर," तात्या म्हणाले. एवढंच.

मी तिथंच चाकाला टेकून बसले. जुना फिल्टर उलटा केला. आतून पांढरट, निळसर झाक असलेला बुळबुळीत गोळा बाहेर आला. त्याला आंबूस वास होता. भेसळ नव्हती ती. ती खळ होती. मैदा शिजवून त्यात किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालून आम्ही समितीवाले करतो, ती पोस्टरं चिकटवायची खळ. 'रस्ता आमच्या हक्काचा' हे पोस्टर सगळ्या पंचक्रोशीत तिनंच चिकटवलं होतं.

हातपंप मारून मी नळीतली हवा काढली. बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली, तेव्हा इंजिन चालू झालं. टाकीत अजून खळ असणारच. प्रत्येक चढावर वाटायचं, आता गचका देईल. बारामतीत शिरल्यावर आधी आणखी एक फिल्टर घेतला, मग दवाखाना गाठला.

परतताना मी खळीचं सांगितलं. तात्या गाडी चालवता चालवता थांबलेच. "त्यो कॅन तुमचा व्हय? भिंतीवर पालथा घातलेला. मला वाटलं धुतलेला हाय. त्यातनंच डिझेल आणून टाकीत वतलं." आमच्याकडे पालथा घातलेला कॅन म्हणजे धुतलेला, हे सगळेच धरून चालतात.

आत्या उशीवर डोकं टाकून हसली. आता तिला हसायला श्वास पुरत होता. "तुमच्या पोस्टरनी रस्ता न्हाय झाला. गाडी तेवढी बंद पडली."

मी विचारलं, गाडीत बापू काय बोलला.

"मीच बोलले. म्हटलं, सोमवारी बी तूच ने. पर दारातनं ने."

"मग?"

"मग काय. बारामती येस्तोवर काच खालीवर करत हुता."

सोमवारपर्यंत आम्ही टाकी उतरवून धुतली. तरी आत्याला जीपमध्ये बसवायच्या आधी मी हातपंप मारून पाहिला. ढेकळं पार करून आम्ही कालव्यावरून डांबरीला लागलो, तर तिथं पांढरी गाडी उभी होती. बापू बाहेर येऊन थांबला होता. आत्यानं तात्यांना जीप त्याच्याजवळ थांबवायला लावली.

"हितवर न्हाय, बापू," ती म्हणाली. "दारात म्हटलं हुतं."

आणि आम्ही पुढं निघालो. जीप ओढत होती. तरी मी बारामती येईपर्यंत इंजिनाच्या आवाजावरून कान काढला नाही.