सासूबाई हे नाव नव्हे

आमच्या गाईडबाईंना साक्षात देव भेटला असता, तरी त्यांनी नमस्काराआधी संदर्भ विचारला असता : ग्रंथ कोणता, पान कुठलं. घाटकोपरला त्यांच्या घरी मी प्रबंधाची प्रकरणं घेऊन जायचे आणि लाल शाईत न्हालेली परत आणायचे. चुकीच्या जागी स्वल्पविराम दिसला की बाईंना खरोखर ठसका लागे. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, की ती शुद्धलेखन तपासून अहेरासोबत वधूपित्याच्या हाती परत. वाणी सहज म्हणाला, "साखर महागणार," तर बाईंचं तयारच, "असं कोण म्हणतं? कुठे म्हणतं?" त्या येताना दिसल्या की तो बिचारा गोणीत डोकं घालायचा.

माझा प्रबंध मालवणी स्वयंपाकघरातल्या शब्दांवर होता आणि निम्मे शब्द मुलुंडला आमच्याच घरी, सासूबाईंच्या तोंडून मिळाले होते. तळटीपांत मी लिहिलं, 'माहिती : सासूबाई.' प्रबंध सादर करायला आठवडा उरला असताना बाईंनी ते पान माझ्यापुढे सरकवलं.

"सासूबाई हे नाव नव्हे, नातं आहे. पूर्ण नाव, गाव, मुलाखतीचं ठिकाण."

"बाई, सगळं टाइप झालंय! टायपिस्ट जीव घेईल माझा."

"घेऊ दे. तळटीप पूर्ण हवी."

चरफडत घरी आले. सासूबाई कुळथाची पिठी ढवळत होत्या. नाव छापायचंय म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "माझा? मगे माहेरचा घाल गो. चंद्रभागा. लग्नात बदलल्यानी, तेवापासून कोणी इचारूक नाय."

इतकी वर्षं एका चुलीपाशी वावरून मीही विचारलं नव्हतं.

टायपिस्टनं शिव्या घालत पानं बदलली. प्रबंध वेळेत गेला, पदवीही मिळाली. बाई पेढे खायला मुलुंडला आल्या, तेव्हा सासूबाई छापील चंद्रभागा पुन्हा पुन्हा वाचत होत्या. एकदम त्यांनी बाईंना विचारलं, "आणि तुझा नाव काय गो?"

बाईंनी सवयीनं आडनावापासून सुरुवात केली.

"ता नको. घरातला सांग."

बाईंनी सांगितलं.

"ह्या नावान तुका कोण हाक मारता?"

बाई बशीत चहा ओतता ओतता थांबल्या. "आई मारायची. आता कोणी नाही."

त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांना नावानं, एकेरीत हाक मारायला सुरुवात केली. बाई रविवारी मुलुंडला येऊ लागल्या. कारण विचारलं तर म्हणत, "पुढच्या आवृत्तीसाठी शब्द जमवतेय." प्रबंधाला पुढची आवृत्ती नसते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!