वाखासाठी सोडलेला पट्टा

“कळी धरलेलं पीक गाडायला माझा नांगर मिळणार न्हाई,” तात्या म्हणाले. बैलांचा कासरा त्यांनी हातातून सोडला नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो दुसरा पावसाळा. कोरेगाव भागातले भाजीपाल्याचे प्रात्यक्षिक प्लॉट शेती खात्याने माझ्याकडे दिले होते. तात्यांचे चिरंजीव हणमंतराव फौजेतून हवालदार होऊन परतले होते. भाजीसाठी त्यांनी वडिलांकडून अर्धा एकर मागून घेतला होता, तोही एका हंगामापुरता. भाजी साधली नाही तर तिथे पुन्हा ऊस. उसाखाली राहून ती जमीन घट्ट झाली होती. पाणी वर साचायचे, वाळली की ढेकूळ फुटत नसे.

उपाय हिरवळीच्या खताचा होता. ताग दाट पेरायचा आणि कळी लागताच जमिनीत गाडायचा. कोवळा ताग कुजतो, माती मोकळी होते. उशीर झाला की खोड निबर होते आणि तसेच पडून राहते. ताग कळीवर आला होता.

“आवं तात्या, ह्या सायबांनी सांगितलंय,” माझ्याकडे बोट दाखवत हणमंतराव म्हणाले.

“सायबाच्या दारात बैल न्हाईत. माझ्या जनावरांना दावी लागत्यात. वाख कुठनं आणू, तुझ्या फौजेतनं?”

तागाच्या सालीचा वाख, म्हणजे धागा, काढून दावी घरीच वळायची, ही त्यांची रीत. मी म्हणालो, “विहिरीकडचा पट्टा तुमचा. बाकीचा गाडू द्या.”

तात्यांनी पट्टा स्वतः आखला, थोडा जास्तच धरला, आणि बैल हाकले.

पुढच्या आठवड्यात आमचे साहेब व्हिजिटला आले. नांगरलेल्या रानात पट्टा तेवढा उभा होता.

“हे काय? प्लॉट अर्धवट दिसतोय. उद्या काढून टाका.”

“तो वाखाचा आहे, साहेब. काढला तर म्हातारा प्लॉटच मोडेल.”

“मग जबाबदारी तुमची.”

“हो.”

वाखाचा ताग कापून होईपर्यंत बाकीचा कुजला होता. सगळ्या रानात एकाच दिवशी वांग्याची रोपे लावली. पाणीही सारखेच दिले. दिवाळीपर्यंत फरक बांधावरून दिसू लागला. गाडलेल्या रानात झाडांनी सरी झाकली होती. पट्ट्यातली गुडघ्यालाही लागत नव्हती.

तात्या मधोमध उकिडवे बसले. दोन्हीकडची माती त्यांनी चोळून पाहिली.

“हणमा, ह्यो तुकडा लय वंगाळ दिसतोय. येत्या सालाला समदा ताग गाड.”

“आन् दावी?”

“वांगी घेऊन बाजारला जाशील, तवा येताना आण.”

पुढच्या व्हिजिटला साहेबांनी पाहुणे आणले आणि त्यांना आधी पट्टाच दाखवला. त्यानंतर प्रत्येक प्लॉटमध्ये मी एक तुकडा खताविना ठेवत आलो. माझे बोलणे त्याने बरेच कमी झाले.