मेव्हण्याशी भांडत पळणारा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवसांत असली नावं ठाऊक नसलेलीच बरी. आमची तामलवाडी निजामाच्या राज्यात, पण हद्दीजवळ. पलीकडच्या सोलापुरातून चळवळीचे निरोप घेऊन तो शेताशेतांनी पळत यायचा आणि तसाच पुढं तुळजापूरला जायचा. रझाकारांच्या हाती लागला असता तर जिवानिशी गेला असता.

मी विहिरीवर पाणी शेंदत असले की माझ्याकडून ओंजळभर पाणी उभ्यानंच प्यायचा. तोंडानं सारखी पुटपुट, एक बोट हवेत नाचतंय. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

"दादा, कुणासंगं बोलताय?" मी एकदा विचारलंच.

"मेव्हण्यासंगं. माझा बैल नेला आन् लंगडा करून आणला त्यानं." मग हसला. "अक्का, पायाआधी मन थकतंय. बस, बस म्हणतंय. त्याला भांडणात गुतवलं की बसायचं इसरतंय."

निजाम शरण आला तेव्हा तो पहिल्यांदाच सडकेनं आला. बातमी ऐकून सारा गाव विहिरीवर गोळा झाला. मी विचारलं, "आन् मेव्हणा?"

"त्याला वाटंतच माफ केलं की!"

"मग आता तुळजापुरापतूर कुणासंगं बोलणार?"

तो वळला आणि भर सडकेवरून, दिसेल त्याला हाक मारून बातमी सांगत पळत सुटला. त्याचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.